आठ म्हणजे किती टक्के?

निकाल लागला की हिंगोली जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत एक संवाद ठरल्यासारखा होतो. पोरगी मोबाईल घेऊन ओसरीवर येते. वडील विचारतात, "किती पडले गं?" ती म्हणते, "आठ." वडील जरा थांबतात. "आठ म्हणजे?" "एसजीपीए, बाबा. दहापैकी आठ." "ते राहू दे. टक्के किती?" आणि इथे पोरगीही अडते. मैत्रीण म्हणते ऐंशी, चुलतभाऊ म्हणतो शहात्तर, मोबाईलवरचं कुठलंसं कॅल्क्युलेटर साडेबहात्तर दाखवतं. तिघांनीही हिशोब केलेला असतो, तरी तिघांची उत्तरं वेगळी येतात.

हा गोंधळ वडिलांच्या अडाणीपणातून आलेला नाही. त्यांनी आयुष्यभर टक्केच पाहिले. मुलीची दहावीसुद्धा टक्क्यांतच झाली. हिंगोली जिल्हा माध्यमिक शिक्षण मंडळाच्या छत्रपती संभाजीनगर विभागात येतो. तिथून आलेल्या गुणपत्रकावर पाचशेपैकी ४१० असले, तर पाचाने भागलं की झाले ८२ टक्के. पॉलिटेक्निकला गेलेल्या भावाचा निकालही टक्क्यांतच येतो. पदवीचं मात्र वेगळं आहे. हिंगोलीचं आदर्श महाविद्यालय, वसमतचं बहिर्जी स्मारक, औंढ्याचं नागनाथ, सेनगावचं तोष्णीवाल या सगळ्यांची नाळ नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली आहे. १९५८ साली औरंगाबादेत सुरू झालेल्या मराठवाडा विद्यापीठातून १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, हे विद्यापीठ वेगळं झालं. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे त्याचे जिल्हे. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. ती स्वतंत्र जिल्हा झाली १ मे १९९९ रोजी.

तर दहावीचं गुणपत्रक संभाजीनगरचं आणि पदवीचा मेमो नांदेडचा. पहिल्यावर टक्के आणि दुसऱ्यावर क्रेडिट, ग्रेड, एसजीपीए, सीजीपीए. हे आकडे कसे बनतात ते एकदा स्वतःच्या हाताने करून पाहिलं, की त्यात चौथीच्या गुणाकार-भागाकारापलीकडे काही नाही हे कळतं. आणि वडिलांना तर हा हिशोब आधीपासूनच येतो, फक्त मोंढ्यात.

मोंढ्यातली पट्टी

हिंगोली आणि वसमत ही हळदीची गावं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. समजा, एका शेतकऱ्याने मोंढ्यात दोन ढीग लावले. चांगली लांब हळकुंडं ८ क्विंटल, त्यांना भाव मिळाला १४,००० रुपये. गोल गड्डा २ क्विंटल, त्याला ११,०००. भाव इथे समजुतीपुरते धरले आहेत, आणि हमाली-तोलाई बाजूला ठेवू. आता या शेतकऱ्याला सरासरी भाव काय पडला?

चौदा आणि अकरा मिळवून दोनाने भागलं, तर येतात १२,५००. पण हे उत्तर कोणताही शेतकरी मान्य करणार नाही, कारण दोन्ही ढीग सारखे नव्हते. खरा हिशोब पट्टीवर असतो. ८ गुणिले १४,००० म्हणजे १,१२,०००. २ गुणिले ११,००० म्हणजे २२,०००. एकूण १,३४,००० रुपये, माल १० क्विंटल. सरासरी भाव १३,४००. ज्या ढिगाचं वजन जास्त, त्याच्या भावाकडे सरासरी झुकली. गणितात याला भारित सरासरी म्हणतात.

एसजीपीए म्हणजे हीच पट्टी. क्विंटलच्या जागी क्रेडिट ठेवा आणि भावाच्या जागी ग्रेड पॉइंट. बाकी काही बदलत नाही.

क्रेडिट, ग्रेड, पॉइंट

क्रेडिटला सरकारी मराठीत श्रेयांक म्हणतात. तो विषयाचं वजन सांगतो, आणि हे वजन ठरतं अभ्यासाच्या तासांवरून. साधारण हिशोब असा, की सत्रभरात १५ तास वर्गातली शिकवणी म्हणजे १ क्रेडिट. प्रात्यक्षिक असेल तर त्याच १ क्रेडिटला ३० तास लागतात. म्हणजे ४ क्रेडिटचा पेपर ६० तासांचा झाला. अनेक ठिकाणी एका क्रेडिटला २५ गुण धरतात, म्हणून ४ क्रेडिटचा पेपर शंभराचा आणि २ क्रेडिटचा पन्नासाचा दिसतो.

महाराष्ट्रात नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. त्यात एका वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट आहेत, म्हणजे सत्राला २० ते २२. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची, चार वर्षांची ऑनर्स पदवी १६० ते १७६ ची. मेमोवर मुख्य विषयाबरोबर ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचा पेपर, भाषा, भारतीय ज्ञान प्रणाली, एनएसएस अशी लांबलचक यादी दिसते ती यामुळेच.

ग्रेड म्हणजे श्रेणी. विद्यापीठ अनुदान आयोगाने निवडीवर आधारित क्रेडिट पद्धतीसाठी दहा पॉइंटांची शिडी सुचवली. ओ म्हणजे उत्कृष्ट, त्याला १०. ए प्लसला ९, ए ला ८, बी प्लसला ७, बी ला ६, सी ला ५. पी म्हणजे फक्त पास, त्याला ४. एफ म्हणजे नापास आणि एबी म्हणजे गैरहजर, दोघांनाही शून्य. पेपरातल्या गुणांवरून कोणती ग्रेड द्यायची, हे मात्र प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं. हा तक्ता बहुधा मेमोच्या पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेला असतो. तो कुणी वाचत नाही, आणि अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो. खाली हिशोबासाठी आपण एक तक्ता धरू. ९० आणि वर १०, ८० ते ८९ ला ९, ७० ते ७९ ला ८, ६० ते ६९ ला ७, ५५ ते ५९ ला ६, ५० ते ५४ ला ५, ४० ते ४९ ला ४. तुमच्या मेमोमागे वेगळा तक्ता असेल, तर तोच खरा.

एक सत्र, आठ पेपर

ओसरीवरच्या त्या पोरीचं पहिलं सत्र घेऊ. अंतर्गत आणि लेखी मिळून तिचे गुण असे आहेत. पन्नासाच्या पेपरांचे गुण शंभरात करून घेतले आहेत.

मुख्य विषय, पहिला पेपर : ४ क्रेडिट, ६८ गुण, पॉइंट ७. गुणाकार २८.
मुख्य विषय, दुसरा पेपर : ४ क्रेडिट, ७४ गुण, पॉइंट ८. गुणाकार ३२.
दुसरा विषय : ४ क्रेडिट, ५८ गुण, पॉइंट ६. गुणाकार २४.
ओपन इलेक्टिव्ह : २ क्रेडिट, ८१ गुण, पॉइंट ९. गुणाकार १८.
कौशल्याचा पेपर : २ क्रेडिट, ८५ गुण, पॉइंट ९. गुणाकार १८.
मराठी : २ क्रेडिट, ७२ गुण, पॉइंट ८. गुणाकार १६.
भारतीय ज्ञान प्रणाली : २ क्रेडिट, ९१ गुण, पॉइंट १०. गुणाकार २०.
एनएसएस : २ क्रेडिट, ९० गुण, पॉइंट १०. गुणाकार २०.

क्रेडिटची बेरीज २२. गुणाकारांची बेरीज १७६. १७६ भागिले २२ म्हणजे ८.००. हा झाला तिचा एसजीपीए, सत्राचा पट्टीभाव.

आता नुसत्या पॉइंटांची सरासरी काढून बघा. ७, ८, ६, ९, ९, ८, १० आणि १० मिळून ६७, भागिले ८ म्हणजे जवळजवळ ८.३८. बरेच विद्यार्थी असाच हिशोब करतात आणि मेमोवर ८.०० दिसले की विद्यापीठाने गुण खाल्ले म्हणतात. कुणी काही खाल्लेलं नसतं. तिचे चांगले पॉइंट दोन-दोन क्रेडिटच्या हलक्या पेपरांत आहेत, आणि कमी पॉइंट चार-चार क्रेडिटच्या जड पेपरांत. भाव चांगला मिळाला तो लहान ढिगाला.

पायरीचा खेळ

टक्क्यांची सवय असलेल्याला ग्रेडमधली सगळ्यात चकवणारी गोष्ट म्हणजे पायऱ्या. टक्के उतारासारखे असतात, एक गुण वाढला की थोडं वर. ग्रेड जिन्यासारखी असते. ६० वरून ६९ वर गेलात तरी तुम्ही त्याच पायरीवर, सातवरच. ६९ चे ७० झाले की एका गुणात आख्खी पायरी.

त्या पोरीच्या मेमोवर हे लगेच दिसतं. दुसऱ्या विषयात तिला ५८ आहेत. तिथे फक्त दोन गुण जास्त मिळाले असते, तर पॉइंट ६ चा ७ झाला असता, चार क्रेडिटमुळे बेरीज चाराने वाढून १८० झाली असती आणि एसजीपीए ८.१८. तेच कौशल्याच्या पेपरात ८५ चे ९० करायला पाच गुण लागले असते, आणि दोनच क्रेडिट असल्याने एसजीपीए ८.०९ वरच थांबला असता. दोन गुणांचं मोल पाच गुणांच्या दुप्पट ठरलं, कारण ते जड पेपरात होते आणि पायरीच्या काठावर होते.

पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा की नाही, हा प्रश्न दर निकालानंतर येतो. पैसे भरावे लागतात, मुदत असते. ६३ गुण असलेल्याने चार गुण वाढतील या आशेवर अर्ज केला आणि ते वाढलेही, तरी ६७ वर त्याचा पॉइंट सातच राहील आणि सीजीपीए तसूभर हलणार नाही. ५८ किंवा ६८ वाल्याने विचार करण्यात अर्थ आहे. आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, ती शिक्षकांना दाखवा, मग ठरवा.

या पायऱ्या मुळात केल्या कशासाठी? कारण गुण दिसतात तितके नेमके नसतात. एकच निबंध दोन चांगल्या शिक्षकांनी तपासला तर एक ६६ देईल, दुसरा ६९. या तीन गुणांत विद्यार्थ्याच्या अकलेचा फरक नाही, तपासणाऱ्याच्या हाताचा आहे. पट्टे पाडले की हा फरक झाकला जातो. युक्तिवाद बरोबर आहे, पण अर्धाच. पट्ट्याच्या आत फरक पुसला जातो आणि पट्ट्याच्या काठावर तोच फरक दहापट मोठा होतो. ६९ आणि ७० मध्ये काय अंतर आहे, हे त्या काठावर उभ्या असलेल्या पोरालाच विचारावं.

याच्यावर एक उपाय आपल्या शेजारीच आहे. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ सालचं. हिंगोलीची कितीतरी मुलं तिथे बी.एस्सी. ॲग्रीला जातात. कृषी विद्यापीठांच्या पद्धतीत पायऱ्या नाहीत. गुणांना दहाने भागायचं, तोच पॉइंट. ६८ गुणांना ६.८, ६९ ला ६.९. मग त्याला क्रेडिटने गुणायचं. आपल्या पोरीचे हेच गुण परभणीच्या पद्धतीने मांडले, तर तीन जड पेपरांचे ८०.० आणि पाच हलक्या पेपरांचे ८३.८, मिळून १६३.८, भागिले २२ म्हणजे ७.४५. गुण तेच, क्रेडिट तेच, तरी एकीकडे ८.०० आणि दुसरीकडे ७.४५. म्हणून नांदेडच्या मेमोवरचा आठ आणि परभणीच्या मेमोवरचा साडेसात शेजारी ठेवून "आमची हुशार" म्हणण्यात काही अर्थ नाही.

नापास झालं तर?

समजा, दुसऱ्या विषयात तिला ५८ ऐवजी ३४ पडले. पॉइंट शून्य, गुणाकार शून्य. वरची बेरीज १७६ वरून १५२ वर येते, पण खालचे २२ तसेच राहतात. १५२ भागिले २२ म्हणजे ६.९१. न विकलेला ढीगही काट्यावर मोजला जातो, तसं. बरीच विद्यापीठं अशा वेळी सगळे पेपर सुटेपर्यंत एसजीपीए छापतच नाहीत. पुढच्या परीक्षेत तो पेपर सुटला की मिळालेल्या पॉइंटाने गुणाकार भरला जातो आणि सरासरी परत वर येते. म्हणजे बॅक राहिल्याचा डाग सीजीपीएत कायमचा राहत नाही. पण चार क्रेडिटचा बॅक आणि दोन क्रेडिटचा बॅक सारखा नसतो. दोन्ही राहिले असतील आणि वेळ थोडा असेल, तर आधी कोणता सोडवायचा, याचं उत्तर क्रेडिटच्या रकान्यात आहे.

सहा सत्रांची बेरीज

एसजीपीए एका सत्राचा, सीजीपीए आतापर्यंतच्या सगळ्या सत्रांचा. हिशोब तोच. प्रत्येक सत्राच्या एसजीपीएला त्या सत्राच्या क्रेडिटने गुणायचं, बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. सगळी सत्रं २२-२२ क्रेडिटची असतील, तर एसजीपीएंची साधी सरासरी काढली तरी चालते. क्रेडिट कमी-जास्त असतील तर चालत नाही. काही अभ्यासक्रमांत एखाद्या विषयाचे क्रेडिट पदवीसाठी लागतात पण सरासरीत धरत नाहीत, तेही नियमात पाहून घ्यावं.

समजा, तीन सत्रांचे एसजीपीए आले ८.००, ७.०० आणि ७.५०. गुणाकार १७६, १५४ आणि १६५. एकूण ४९५, भागिले ६६ म्हणजे सीजीपीए ७.५०. आता पोरीने ठरवलं, की पदवी संपताना ८.०० हवेत. पूर्ण पदवी १३२ क्रेडिटची, म्हणजे १३२ गुणिले ८ बरोबर १०५६ लागतील. हातात ४९५ आहेत. राहिले ५६१, आणि ते उरलेल्या ६६ क्रेडिटमधून मिळवायचे. ५६१ भागिले ६६ म्हणजे ८.५०. पुढच्या तिन्ही सत्रांत सरासरी साडेआठ पाडावे लागतील. अवघड आहे, पण होण्यासारखं आहे.

आता दुसरी बाजू बघा. एखाद्याचा पाच सत्रांचा सीजीपीए ७.४० आहे. ११० क्रेडिट झाले, हातात ८१४. तो म्हणतो, शेवटच्या सत्रात फाडतो. समजा, खरंच फाडलं आणि बावीसच्या बावीस क्रेडिटला दहा पॉइंट पाडले. २२० मिळाले. ८१४ अधिक २२० म्हणजे १०३४, भागिले १३२, सीजीपीए ७.८३. सहावं सत्र पूर्ण दहाचं गेलं तरी आठ होत नाहीत. पहिल्या वर्षात "यंदा फक्त पास व्हायचं, पुढं बघू" म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा वहीत करून पाहावं. पहिल्या सत्राचं वजन शेवटच्या सत्राइतकंच असतं, आणि पुढे जाईल तसं एका सत्राच्या हातात सरासरी हलवण्याची ताकद कमी कमी होत जाते.

आकडेमोड करताना एक पथ्य पाळावं. मधल्या पायरीवर आकडा गोल करू नये. ७.४४५ चं आधी ७.४५ आणि मग त्याचं ७.५ केलं, की शेवटी चूक साचते. गुणाकारांची मूळ बेरीज जपून ठेवा आणि भागाकार शेवटी एकदाच करा.

एका आठचे चार टक्के

आता वडिलांचा मूळ प्रश्न. आठ म्हणजे किती टक्के?

मैत्रिणीने दहाने गुणलं, ८०. चुलतभावाने साडेनऊने गुणलं, ७६. ॲपने आठातून पाऊण वजा करून दहाने गुणलं, ७२.५. आणि त्या पोरीचे खरे गुण क्रेडिटच्या वजनाने मांडले तर १६३८ भागिले २२, म्हणजे ७४.४५ टक्के. एकाच आठची चार उत्तरं.

प्रत्येक सूत्राला स्वतःचं गाव आहे. साडेनऊचं सूत्र केंद्रीय मंडळाच्या, म्हणजे सीबीएसईच्या दहावीचं. २००९-१० पासून २०१७ पर्यंत तिथे ग्रेड पद्धत होती, आणि ९१ ते १०० गुण पडलेल्या मुलांची सरासरी ९५ च्या आसपास येते म्हणून १० पॉइंटला ९५ धरून हा गुणक काढला होता. नांदेडच्या बी.ए.ला तो लावायचं काही कारण नाही. पाऊण वजा करायचं सूत्र एआयसीटीईच्या तक्त्यातलं. ६.७५ ला ६० टक्के, ७.२५ ला ६५, ७.७५ ला ७०, ८.२५ ला ७५. ते तांत्रिक शिक्षणासाठी. सरळ दहाने गुणायचं सूत्र परभणीच्या पद्धतीत अगदी चपखल बसतं, कारण तिथे पॉइंट म्हणजे गुण भागिले दहाच असतो. पायऱ्यांच्या पद्धतीत मात्र ते फुगवून सांगतं. ७० गुणांनाही आठ आणि ७९ लाही आठ, मग आठचे ८० टक्के कसे होतील?

म्हणजे पायरी चढताना जी माहिती गेली, ती सूत्राने परत येत नाही. दळलेल्या हळदीतून हळकुंड किती लांब होतं हे सांगता येत नाही, तसंच हे. सूत्र म्हणजे एक करार, आणि तो करार तुमच्या विद्यापीठाचा असला तरच अर्जावर चालतो. म्हणून नोकरीच्या किंवा प्रवेशाच्या फॉर्मवर टक्के विचारले, तर विद्यापीठाने जे रूपांतर दिलं आहे तेच लिहावं आणि त्याचं प्रमाणपत्र किंवा मेमोवरची छापील नोंद जवळ ठेवावी. मनाने फुगवलेले टक्के कागदपत्रांच्या तपासणीत उघडे पडतात. बँकांच्या भरतीच्या जाहिरातीत तर स्पष्टच असतं, की ५९.९९ टक्के हे ६० पेक्षा कमीच धरले जातील. तिथे "जवळजवळ साठ" चालत नाही.

हे दशांश कुठे कामाला येतात तेही पाहा. नव्या धोरणात चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घ्यायची असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांत पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के किंवा तितकीच ग्रेड लागते. चार वर्षांच्या पदवीवरून थेट पीएच.डी.ला जायचं असेल तर ७५ टक्के, आणि राखीव व आर्थिक दुर्बल गटांना ५ टक्क्यांची सूट. ७.४९ आणि ७.५० मधलं अंतर इथे कागदावरचं राहत नाही.

परदेशी जाणाऱ्यांसाठी आणखी एक. जर्मनीत १ सगळ्यात चांगला आणि ४ म्हणजे काठावर पास. तिथे बव्हेरियन सूत्र वापरतात. कमाल पॉइंटातून तुमचा पॉइंट वजा करा, कमालमधून किमान पासचा पॉइंट वजा केल्यावर येणाऱ्या संख्येने भागा, तिनाने गुणा आणि एक मिळवा. आपल्या पोरीचे १० वजा ८ म्हणजे २, भागिले १० वजा ४ म्हणजे ६, गुणिले ३ बरोबर १, अधिक १ म्हणजे २.०. नांदेडचा आठ म्युनिकमध्ये दोन झाला, आणि तो चांगला आहे. अमेरिकेत चारची शिडी असते, पण म्हणून आठला अडीचने भागून ३.२ लिहू नये. तिकडच्या मूल्यमापन संस्था एकेका पेपराचा गुण घेऊन तो आपल्या तक्त्यात बसवतात.

ही शिडी आली कुठून?

माणसांना पायऱ्यांवर बसवण्याची हौस जुनी आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांनी १७८५ मध्ये आपल्या डायरीत परीक्षेला बसलेल्या ५८ विद्यार्थ्यांची चार गटांत वाटणी लिहून ठेवली आहे, वरच्या गटात वीस आणि तळाच्या गटात दहा. शिक्षण तासांत मोजायची पद्धत पसरली ती १९०६ च्या सुमारास, आणि तीही गंमतीशीर कारणाने. कार्नेगी प्रतिष्ठान प्राध्यापकांना पेन्शन देणार होतं, पण ज्या कॉलेजांना ती हवी त्यांनी प्रवेशासाठी शाळेतला अभ्यास ठराविक तासांच्या एककात मोजावा, अशी अट होती. आपल्याकडे दहाची शिडी आधी आयआयटींत रुजली. पवईच्या आयआयटीत सीजीपीएला आजही सीपीआय म्हणतात. हिंगोलीच्या बी.ए., बी.कॉम.पर्यंत ही शिडी पोचली ती गेल्या दशकातल्या क्रेडिट पद्धतीने, आणि नव्या धोरणाने ती घट्ट केली.

क्रेडिट मोजण्याचा आपल्या भागाला खरा उपयोग आणखी एका ठिकाणी आहे. घरची अडचण, लग्न, काम यांमुळे दुसऱ्या वर्षात शिक्षण सुटलेली मुलंमुली गावोगाव आहेत. जुन्या पद्धतीत त्यांच्या हाती काहीच राहत नसे. २०२१ च्या नियमांनी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. विद्यार्थ्याचं बारा आकडी खातं, आणि मिळवलेले क्रेडिट त्यात जमा. ते जास्तीत जास्त सात वर्षं चालतात. ठरलेल्या अटी पूर्ण केल्या तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबता येतं आणि मुदतीत परत येता येतं. दोन वर्षांचे ८८ क्रेडिट ही आता वाया गेलेली दोन वर्षं नाहीत. खातं उघडलं आहे का आणि प्रत्येक सत्राचे क्रेडिट त्यात दिसतात का, हे मात्र विद्यार्थ्याने स्वतः पाहायला हवं.

मेमो हातात आल्यावर दहा मिनिटं काढा. क्रेडिट आणि पॉइंटचे रकाने गुणा, बेरीज करा, भागा. छापील आकड्याशी जुळला तर उत्तम. नाही जुळला तर आधी पाठीमागचा तक्ता वाचा, आणि तरीही फरक राहिला तर मुदत संपण्याआधी कॉलेजच्या परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या. मोंढ्यात पट्टी हाती आल्यावर शेतकरी आधी बेरीज तपासतो आणि मग ती खिशात घालतो. तीन वर्षांच्या मेहनतीच्या पट्टीला निदान तेवढा मान द्या. आणि वडिलांनी "टक्के किती" विचारलं, तर पट्टी काढूनच दाखवा. त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.